शाफ्ट उतरवायच्या आधी चाकाला दगड

आज पिकअपच्या प्रोपेलर शाफ्टबद्दल बोलूया.

आपल्या कर्जत-खालापूरला भात, भाजी, विटा, सगळं पिकअपवरच. पावसाळ्यात चिखलपाणी क्रॉसमध्ये शिरतं, ग्रीस जातं. मग गाडी उचलताना खालून ‘टक्’ वाजतं. तेव्हाच क्रॉस बदलला तर शाफ्ट वाचतो. बोरघाट उतरताना शाफ्ट तुटला, तर इंजिनचा ब्रेक गेलाच म्हणून समजा.

आता एक गोष्ट गाठीला बांधा. उभी गाडी आपण गिअरमध्ये टाकतो ना? गिअर मागच्या चाकांना धरतो तो या शाफ्टमधूनच. शाफ्ट सुटला की गिअर असून नसल्यासारखा. तुम्ही गाडीखाली, आणि गाडी फक्त हॅन्डब्रेकवर! म्हणून खोपोलीच्या चढावर शाफ्ट खोलू नका. टोचन करून सपाट जागी न्या, चाकांना पुढून-मागून दगड लावा, मगच खाली शिरा.

खोलताना फ्लँज आणि शाफ्ट, दोन्हींवर मिळून रंगाची एक रेघ मारा. तोच शाफ्ट परत बसवायचा असेल तर रेघ जुळवूनच बसवा, नाहीतर वेग घेतला की गाडी थरथरते. नवा असेल तर त्याच्यावरच्या खुणा जुळवा. लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांत असतो. मधलं सेंटर बेअरिंगही हाताने हलवून बघा.

शेवटी ग्रीस भरा, थोडी गाडी फिरवा आणि बोल्ट पुन्हा तपासा. दगड मात्र शाफ्ट पूर्ण बसल्यावरच काढा, बरं का.