लेकीच्या कॉम्प्युटरसाठी कर्ज काढताना



माझ्या लेकीनं सिव्हिलचा डिप्लोमा केला. घरांचे नकाशे आणि थ्रीडी चित्रं गावातच करून देईन म्हणाली. त्यासाठी मी बचत गटातून ६० हजारांचं कर्ज काढलं. दुकानदारानं रंगीत दिव्यांचा, काचेचा कॉम्प्युटर पुढे केला. लेक म्हणाली, "आई, दिवे नकाशा काढत नाहीत."

मग तिनंच मला समजावलं. ऑटोकॅडमध्ये नकाशा काढताना बहुतेक वेळ प्रोसेसरचा एकच कोअर राबतो, म्हणून तो वेगवान हवा. रेंडरिंग म्हणजे अजून न बांधलेल्या घराचं ऊन-सावलीसकट फोटोसारखं चित्र. तिथं सगळे कोअर एकदम राबतात. खुरपणीला बाया जास्त, तर वावर लवकर उरकतं, तसंच हे.

आम्ही सहा कोअरचा, चित्र दाखवण्याची सोय आतच असलेला प्रोसेसर घेतला. १६ जीबी रॅम घेतली, वाढवायला जागा रिकामी ठेवली. सोबत एसएसडी. महागडं ग्राफिक्स कार्ड कमाई सुरू झाल्यावर घेऊ. तोवर लेक फुकट मिळणाऱ्या ब्लेंडरवर रात्री रेंडर लावून झोपते.

पॉवर सप्लाय मात्र चांगल्या कंपनीचा आणि पुढं कार्डाचा भार पेलेल असाच घ्या. हलका बिघडला तर बाकीचे भागही जाळू शकतो. यूपीएसही हवाच, वीज गेली तर काम जतन करायला थोडी मिनिटं मिळतात. बिलावर प्रत्येक भागाचं नाव लिहून घ्या, कारण वॉरंटी वेगवेगळी असते.

बायांनो, हप्ता आपण फेडतो. दुकानात लेकीला सोबत न्या, आणि तिचं ऐका.