ब्रेकची सूचना वेळीच ओळखा



मी बँकेतील कारकून. वाहनकर्जाच्या फाइलीत आर.सी., विमा, उत्पन्नाचा दाखला सारे तपासले जाते. ब्रेक किती झिजले हे मात्र कोणत्याच कागदावर नसते. ते गाडी वापरणाऱ्यानेच पाहायचे असते. आपल्या विंझर परिसरात जुन्या चारचाकी घेणारे वाढत आहेत, म्हणून हा विषय निवडला.

ब्रेक दाबला की पुढच्या चाकातील पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. लहान गाड्यांच्या मागच्या चाकांत बहुधा ड्रम व लायनर असतात. घर्षणाने गाडीच्या गतीची उष्णता होते. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे, वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. म्हणून पॅड झिजणारच. नव्या पॅडचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत.

झिजलेले ब्रेक बहुधा आधी सूचना देतात. बऱ्याच पॅडना पत्र्याची बारीक पट्टी असते; ती डिस्कला घासून किंचाळल्यासारखा आवाज येतो. तेवढ्यावर मेकॅनिककडे गेलात तर फक्त पॅडचा खर्च. दुर्लक्ष केले तर खरखर सुरू होते, लोखंडावर लोखंड घासते आणि डिस्कही खराब होते. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढणे किंवा पेडल खोल जाणे, हीही धोक्याची लक्षणे होत. ब्रेक ऑइल कमी दिसले तर नुसते भरू नका. पॅड झिजले आहेत की गळती आहे ते पाहा. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे. नाहीतर घाटात तापून त्यात वाफ होते आणि पेडल पोकळ लागते.

आपल्याला पाबे घाट आहे आणि पुण्याला जाताना नव्या कात्रज बोगद्यापुढे नवले पुलाचा उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एक अवजड वाहन अनेक वाहनांवर आदळले. प्रथम ब्रेक निकामी झाल्याचे बोलले गेले. पुढे तपासात, चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे समोर आले. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत संपते. म्हणून इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नका, किल्ली फिरवू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

तरीही ब्रेक लागेना, तर पेडल पुन्हा पुन्हा दाबा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, हॉर्न वाजवत राहा आणि गाडी दरीकडे नव्हे, डोंगराच्या बाजूला घ्या.

लग्नकार्याला भाड्याची जीप ठरवताना आपण भाड्याची घासाघीस करतो. त्याच वेळी चालकाला ब्रेकविषयी विचारायला संकोच करू नये. त्या जीपमध्ये आपलीच मुलेबाळे बसणार असतात.