पत्र्याची पेटी



घरात जे डोळ्यांपुढं असतं, त्याचीच लेकरांना गोडी लागते. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात दागिने नव्हते, बाबासाहेबांची पुस्तकं होती. आई निरक्षर. कंदिलाची काच पुसून ती म्हणायची, "वाच, मी ऐकते." पुढं गिरणीत पाळी करूनही मी वाचत राहिलो, ते त्या सवयीनं.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. १९५६ साली नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. एक पुस्तक कुठवर पोचतं बघा! तेव्हा बांधवांनो, शोकेस जरूर सजवा. पण पुस्तकं पोरापोरींच्या हाताला लागतील अशी ठेवा.

जयभीम!