विद्येचे आवार आणि विद्यार्थ्यांची सुरक्षितता



महाविद्यालयातील सुरक्षितता हा विषय निघाला की आपल्यासमोर बहुधा दोन गोष्टी उभ्या राहतात. एक म्हणजे फाटकावरचा पहारेकरी आणि दुसरी म्हणजे मुलींना केलेला उपदेश : उशिरा बाहेर राहू नका, एकट्या जाऊ नका. पहारेकरी हवाच, आणि सावधगिरीही वाईट नाही. परंतु जे अनर्थ आपल्या शिक्षणसंस्थांत प्रत्यक्ष घडले त्यांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, त्यांपैकी बहुतेकांची बीजे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. ती दिसत होती, पण कोणाला खटकत नव्हती. ‘चालायचेच’ या आपल्या एका शब्दाने ती झाकली गेली होती. आज मला याच शब्दाविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी मी आपल्याला कावेरीच्या काठी कुंभकोणमला घेऊन जाणार आहे.

मराठी माणसाला हे गाव परके वाटू नये. तंजावरच्या मराठी राज्यामुळे त्या परिसरात कितीतरी मराठी घराणी स्थायिक झाली. पुढे बडोद्याचे दिवाण म्हणून नावाजलेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणम येथेच एका मराठी कुटुंबात जन्मले. येथील सरकारी महाविद्यालय १८५४ साली निघाले आणि त्याचा लौकिक एवढा वाढला की लोक त्याला दक्षिणेचे केंब्रिज म्हणू लागले. गणिती श्रीनिवास रामानुजन १९०४ मध्ये याच महाविद्यालयात दाखल झाले. अशा या विद्यानगरीचे नाव शंभर वर्षांनी देशभर झाले ते मात्र एका भीषण कारणाने.

१६ जुलै २००४. शुक्रवारची सकाळ. काशीरामन रस्त्यावरील एका इमारतीत तीन शाळा भरत होत्या. श्रीकृष्ण ही अनुदानित शाळा त्यांपैकी एक. मुलांसाठी मध्यान्ह भोजन शिजत होते तेथे आग लागली. वरच्या मजल्यावरील वर्गांवर नारळाच्या झापांचे छप्पर होते. आग तेथपर्यंत पोहोचली आणि पेटलेले छप्पर मुलांवर कोसळले. उतरण्याची वाट अरुंद होती. ९४ मुले मृत्युमुखी पडली. बहुतेक सारी प्राथमिक वर्गांतली होती.

आता या घटनेकडे थोडे शांतपणे पाहू. झापांचे छप्पर ही त्या प्रदेशातील नित्याची गोष्ट. उन्हात ते थंडावा देते आणि स्वस्त पडते. एका इमारतीत तीन शाळा, अरुंद जिना, वर्गांना लागून चूल, यांपैकी कोणतीही गोष्ट लपलेली नव्हती. रोज शेकडो माणसे त्या इमारतीत ये-जा करीत. त्याच वर्षीच्या जानेवारीत, कावेरीच्याच तीरावर श्रीरंगम येथे लग्नाच्या मांडवाला आग लागून पन्नासहून अधिक माणसे दगावली होती. तो मांडवही झापांचाच होता. म्हणजे इशारा मिळालेला होता. तो वाचून आपल्या शाळेच्या छपराकडे पाहण्याचे काम कोणाचे, हे मात्र ठरलेले नव्हते. किंवा ठरले असूनही कोणी केले नव्हते.

पुढे तंजावरच्या न्यायालयात खटला चालला. ३० जुलै २०१४ रोजी, दहा वर्षांनी, निकाल लागला. दहा जणांना शिक्षा झाली आणि अकरा जण सुटले. संस्थापकाला जन्मठेप झाली, परंतु २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती भोगलेल्या कारावासापुरती कमी केली. या दुर्घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयापुढे एक जनहित याचिका आली. तिचा निकाल १३ एप्रिल २००९ रोजी लागला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले आणि शाळांच्या अग्निसुरक्षेसंबंधी आदेश दिले. एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी ९४ मुलांचे मरण व्हावे लागले, याचे दुःख वाटते.

आपण म्हणाल, ही तर आगीची गोष्ट. गुन्ह्याशी तिचा काय संबंध? संबंध असा की, न्यायालयाने तिला दैवी कोप मानले नाही. ज्यांनी पाहायचे होते त्यांनी पाहिले नाही, याला कायद्याच्या भाषेत गुन्हाच म्हणतात. आणि माणसाने माणसावर हात टाकल्याच्या घटना आपण तपासू लागलो की तेथेही हेच न पाहणे आढळते.

कुंभकोणमहून सुमारे सत्तर किलोमीटरवर चिदंबरम आहे. तेथील अण्णामलै विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षात शिकणारा एक मुलगा ६ नोव्हेंबर १९९६ रोजी वसतिगृहातून बेपत्ता झाला. वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने त्याचा छळ करून खून केला होता. मुलाचे वडील मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे ज्या घरात विद्यापीठे कशी चालतात हे चांगले ठाऊक होते, त्या घरातील मुलगासुद्धा वसतिगृहात सुरक्षित राहू शकला नाही. सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये आरोपीला जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने २००१ मध्ये त्याला सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा दोषी ठरवले. न्याय मिळायला पंधरा वर्षे लागली.

रॅगिंग या शब्दाला मराठीत अजून धड प्रतिशब्द नाही. थट्टामस्करी म्हणावे तर छळ निसटतो, छळ म्हणावे तर थट्टेचा आव निसटतो. तमिळ भाषेने मात्र नेमका शब्द घडविला आहे : ‘पगडिवदै’. यातील ‘पगडि’चा आपल्या डोक्यावरील पगडीशी काही संबंध नाही, तमिळमध्ये तिचा अर्थ थट्टा. ‘वदै’ म्हणजे यातना, आणि आपल्या ‘वध’ या शब्दाशी तिचे नाते आहे. थट्टेच्या नावाखाली दिलेली यातना असा सारा अर्थ या एका शब्दात आला आहे. भाषांतराचे काम करणाऱ्याला अशा शब्दाचा हेवा वाटतो. ज्या वसतिगृहात अशा वर्तनाला ‘ओळख करून घेणे’ म्हणतात, तेथे तक्रार करणारा मुलगाच भित्रा ठरतो. नाव बदलले की तोच मुलगा एका गुन्ह्याची खबर देणारा ठरतो.

त्या खुनानंतर तमिळनाडूने १९९७ मध्ये रॅगिंगला बंदी करणारा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्यातील सर्वांत महत्त्वाचे कलम मात्र विद्यार्थ्यांसाठी नसून संस्थाप्रमुखासाठी आहे. तक्रार आल्यावर सात दिवसांच्या आत त्याने चौकशी केली पाहिजे; ती करण्यात त्याने कुचराई केली तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केले असे मानले जाते. न पाहणे हाही अपराध, हे तत्त्व येथे शब्दशः कायद्यात उतरले. पुढे राघवन समितीच्या शिफारशींनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभरासाठी नियम केले. प्रत्येक विद्यार्थ्याचे व पालकाचे हमीपत्र, वसतिगृहांना अकस्मात भेटी देणारी पथके आणि चोवीस तास चालणारा विनामूल्य दूरध्वनी ही त्यांची मुख्य अंगे होत.

स्त्रियांच्या बाबतीत तर शब्दांचा हा खेळ अधिकच उघड आहे. जुलै १९९८ मध्ये चेन्नईत एका महाविद्यालयीन तरुणीचा रिक्षातील टोळक्याच्या वर्तनामुळे मृत्यू झाला. त्यानंतर तमिळनाडूने जो कायदा केला त्याच्या नावातच ‘ईव्ह-टीझिंग’ हा शब्द होता. आपण त्यालाच छेडछाड म्हणतो. छेड सतारीचीही काढतात आणि मुलीचीही! २००२ मध्ये त्या राज्याने कायद्याच्या नावातून हा शब्द काढून टाकला आणि ‘स्त्रीचा छळ’ असे स्पष्ट म्हटले. मुलीचा पाठलाग करणे हा तर २०१३ पासून देशभर स्वतंत्र गुन्हा आहे. हिंदी-मराठी चित्रपटांतील नायक जे करीत आला, त्याला कायद्याने आता प्रेम मानणे सोडले आहे.

अलीकडची एक घटना सांगून मी या भागाचा शेवट करतो. २३ डिसेंबर २०२४ च्या रात्री चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाच्या आवारात एका विद्यार्थिनीवर लैंगिक अत्याचार झाला. आरोपी बाहेरचा होता. तिने धैर्याने पोलिसांकडे तक्रार नोंदविली. परंतु त्या नोंदीतील तिची ओळख उघड झाली आणि ती लोकांत पसरली. मद्रास उच्च न्यायालयाने तपास तीन महिला अधिकाऱ्यांच्या विशेष पथकाकडे सोपवला आणि पीडितेला पंचवीस लाख रुपये अंतरिम भरपाई देण्याचा आदेश दिला. जून २०२५ मध्ये आरोपीला जन्मठेप झाली. किमान तीस वर्षे सवलतीविना. शिक्षा लवकर झाली हे चांगलेच. तथापि जिने तोंड उघडले तिचे नाव फुटते, हे पाहणाऱ्या शंभर मुली गप्प बसतात. गुप्तता हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

मग करावे काय? संस्थांनी वर्षारंभी आपले आवार चालून पाहावे. दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा. कोठे दिवा नाही, कोणता जिना अडगळीने भरला आहे, कोणत्या खोलीला आतून कडी आहे आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट कोठे आहे, हे लिहून काढावे. प्रत्येक उणिवेपुढे ती दूर करणाऱ्याचे नाव आणि तारीख घालावी. नावाविना केलेली यादी कपाटातच राहते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षस्थानी स्त्री असते आणि विद्यार्थ्यांसंबंधीच्या प्रकरणात विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. ही समिती कोणाची, कोठे बसते, हे पहिल्या वर्षाच्या मुलीला पहिल्याच आठवड्यात ठाऊक झाले पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, आपल्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. संकटात ११२ हा क्रमांक फिरवावा. आणि गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणतेही पोलीस ठाणे आपली खबर नोंदवून घेण्यास बांधलेले आहे. ‘आमची हद्द नाही’ या उत्तराने परतू नये. शेजारच्या खोलीतला मुलगा जेवायला येईनासा झाला, तासांना दिसेनासा झाला, तर त्याचे दार ठोठवा.

पालकांना एक जुनी हकीकत सांगतो. रामानुजन गणितात एवढे बुडाले की इतर विषयांत मागे पडले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये ते कोणाला न सांगता घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेले. ते परत आले, हे जगाचे भाग्य. पण शिक्षणात अपयश आलेला मुलगा घरी काय बोलतो यापेक्षा काय बोलत नाही याकडे लक्ष असावे, एवढे त्यातून घेता येईल. त्याला सुट्टीत विचारा, आणि त्याने सांगितले तर ‘आमच्या वेळीही होतेच’ असे म्हणू नका.

कुंभकोणमच्या छपरापासून चेन्नईच्या त्या फुटलेल्या नोंदीपर्यंत आपण पाहिले की कायदे पुष्कळ झाले. पण ते बहुतेक मरणानंतर झाले. त्यांची सुरुवात मरणाआधी करणे आपल्या हाती आहे. उद्या आपल्या महाविद्यालयात, वसतिगृहात किंवा मुलाच्या शाळेत शिराल तेव्हा जे नेहमीचे म्हणून दिसत नाही ते एकदा नीट पाहा, आणि ज्याचे ते काम आहे त्याला लेखी कळवा.