तपकिरीची डबी

नवी दिल्ली स्टेशनाकडून पहाडगंजच्या मेन बाजारात शिरलं, की जुन्या पितळी वस्तूंची दुकानं लागतात. परवा एका दुकानदारानं चपटी गोल डबी पुढे केली. “सिंदूरदानी है, मॅडम.” मी झाकण उघडून हुंगलं. सिंदूर कसला! आमच्या आजोबांच्या कोटाच्या खिशालाही हाच वास होता.

आजोबा इथल्या बृहन्महाराष्ट्र भवनात कार्यक्रमाला बसले, की व्याख्यान रंगायच्या आधी डबी निघे. झाकणावर बोटानं दोनदा टकटक, म्हणजे वर चिकटलेली पूड खाली पडते. मग चिमूट. डबीला नक्षी नावालाही नव्हती. आपली सगळी हौस पानाच्या सरंजामावर खर्च झाली. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहा, म्हणजे पटेल. तपकिरीच्या वाट्याला आलं ते फक्त एका रंगाचं नाव.

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांनी मात्र ही हौस तपकिरीवरच केली. त्यांचं ‘इशुंगु’ म्हणजे मुठीत मावेल एवढा भोपळा. जात आपल्या दुध्याचीच. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळाही त्याच जातीचा. वाळवून, भोक पाडून बिया काढायच्या, तोंडाला बूच बसवायचं. मग अंगावर पितळेची, तांब्याची बारीक तार विणायची, नाहीतर काचमण्यांची जाळी चढवायची. मणी परदेशी, व्यापाऱ्यांनी समुद्रापलीकडून आणलेले. हे सगळं खिशात लपवायला नव्हे, अंगावर मिरवायला! कोणी तर तपकिरीची छोटी नळी कानाच्या टोचलेल्या पाळीत अडकवी. तपकीर काढायचा हाडाचा चमचा, त्याला फणीसारखे दाते. तो केसांत खोवलेला.

तपकीर कुटताना ते कोरफडीच्या जातीच्या झाडाची राख मिसळत. आपण तंबाखूला चुना लावतो, त्यातलाच प्रकार; क्षारानं तंबाखू जास्त झोंबते. पाहुण्याला चिमूट द्यायची, तशी पूर्वजांनाही. यात नवल वाटायचं कारण नाही, श्राद्धाच्या पानात आम्हीही आजोबांच्या आवडीची खमंग अळूवडी वाढतोच.

तर ती डबी मी घेतली. घासाघीस फार केली नाही. ही सिंदूरदानी नव्हे, हे दुकानदाराला सांगणार, एवढ्यात मला जी शिंक आली, ती थांबेचना.