परत आलेला विद्यार्थी



निरीक्षणगृहातून गावी परतलेला, अथवा संगोपनासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवलेला मुलगा आपल्या वर्गात येतो, तेव्हा गावाने त्याच्याविषयीचा निकाल बहुधा आधीच दिलेला असतो. कोणाची पेन्सिल हरवली, की साऱ्या नजरा त्याच्याकडे वळतात. हा निकाल शाळेने उचलून धरावयाचा की नाही, हे आपल्या हाती आहे.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने नव्या प्रारंभाचे तत्त्व स्वीकारले असून, कलम ७४ अन्वये अशा बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमानुसार वयानुरूप वर्गात प्रवेश व बुडालेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण हा त्याचा हक्क होय.

परंतु कायदा दार उघडतो. हात धरून आत नेणारा माणूस शाळेनेच द्यावयाचा असतो. म्हणून एका शिक्षकाने त्याचे पालकत्व पत्करावे. आठवड्यातील एक ठरलेली वेळ त्याला द्यावी व ती चुकवू नये; कारण मोठ्या माणसांनी ज्याला वारंवार अंतर दिले, तो शब्दांवर नव्हे, पाळलेल्या वेळेवर विश्वास ठेवतो. पूर्वीची हकीकत खोदून विचारू नये. त्याने आपण होऊन सांगितली, तर शांतपणे ऐकावी. तिची चर्चा करू नये. मात्र त्याचा छळ होत असल्याचे कळल्यास १०९८ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

आणि ग्रंथपेटीची किल्ली सांभाळण्याची पाळी इतरांप्रमाणे त्याचीही लावावी. त्या किल्लीने जे साधेल, ते दहा उपदेशांनी साधणार नाही.