आधी उसूल, मग मसले

अध्यक्षाने सर्वांना बरे वाटेल असे बोलावे, हा संकेत मी आज पाळणार नाही. आपल्या मकतबांत मुलांना मसले, म्हणजे आचाराचे तयार निर्णय, पाठ करायला लावतात. वुजू कशाने तुटतो, रोज्यात काय चालते, काय मकरूह, काय हराम. हुकूम तोंडपाठ होतो. तो कुठून आला, कोणी काढला, त्यामागचे कारण काय, हे मुलाला कळत नाही. मग मोठेपणी कोणीही उठून ‘शरियतमध्ये असेच आहे’ म्हणाला, की तो मान खाली घालतो. माझा आरोप सरळ आहे. ही धर्मनिष्ठा नव्हे, हे अज्ञान आहे आणि आपण ते जपले आहे. उसूल-ए-फिकहची, म्हणजे फिकह हा इस्लामी कायदा ज्या तत्त्वांनी काढतात त्यांची, ओळख पहिल्याच वर्षी झाली पाहिजे आणि आपल्या कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये ती मराठीत झाली पाहिजे.

ही ओळख अवघड नाही. कुराण, सुन्नत म्हणजे पैगंबरांचा आचार, इज्मा म्हणजे आलिमांचे, धर्मपंडितांचे, एकमत आणि कयास म्हणजे साधर्म्यावरून अनुमान हे चार आधार. इमाम शाफई 820 मध्ये वारले. त्यांच्या ‘रिसाला’ या ग्रंथात या शास्त्राची पहिली पद्धतशीर मांडणी सापडते. कुराणात दारूला मनाई आहे. मनाईचे कारण नशा, म्हणून नशा आणणारी दुसरी वस्तूही त्याच हुकमात येते, हा कयास. मजकूर अल्लाहचा, अनुमान माणसाचे. हा भेद कळला की मतभेदाची भीती उरत नाही. कोकणातले मुसलमान बहुतेक फिकहच्या शाफई परंपरेचे, घाटावरचे बहुतेक हनफी परंपरेचे. समुद्रातल्या शिकारीला परवानगी देणारी आयत दोघांची एकच. तरी रत्नागिरीच्या शाफई घरात माकूल हलाल आणि हनफी फिकहप्रमाणे मासळीखेरीज समुद्रातले काहीही चालत नाही. दोघांपैकी धर्माबाहेर कोणीच नाही. हे इतके साधे उदाहरण आपल्याच राज्यात असताना मुलाला ‘इस्लाममध्ये एकच उत्तर असते’ असे का शिकवावे?

यावर आलिम मंडळी म्हणतील, सामान्य माणसाने तकलीद करावी, म्हणजे आपल्या परंपरेच्या मताने चालावे; इज्तिहाद, म्हणजे स्वतः हुकूम काढणे, हे त्याचे काम नव्हे. मान्य. फतवा देण्याचा अधिकार मी कोणत्याही विद्यार्थ्याला देत नाही. पण फतवा कसा तयार होतो हे समजून घेणे म्हणजे फतवा देणे नव्हे. आणि तकलीदची भिंत वाटते तितकी पक्की नाही, हे थोर आलिमांनीच दाखवले आहे. नवरा बेपत्ता झाला तर हनफी फिकहच्या प्रचलित मताने बाईने त्याच्या वयाला नव्वद वर्षे होईपर्यंत थांबायचे. मौलाना अशरफ अली थानवी हे कट्टर हनफी. त्यांनी अशा बायकांची कोंडी पाहून दुसऱ्या, मालिकी परंपरेच्या मताचा आधार घेतला. पुढे 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवरा चार वर्षे बेपत्ता असल्यास बाईला तलाक मागता येऊ लागला. उसूल माहीत असल्यामुळेच ही वाट निघाली. ज्याला फक्त मसला पाठ होता, त्याने त्या बाईला आयुष्यभर बसवूनच ठेवले असते.

आता याच उसूलच्या नजरेने आपल्या बागायतीच्या वाटणीकडे येतो. बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची रीत सर्व जातिधर्मांत आहे. पण ‘शरियतला हात लावू नका’ म्हणणाऱ्याने ती पाळावी, हे मला सहन होत नाही. उसूलचा प्राथमिक नियम असा, की उर्फ म्हणजे रूढी तिथेच चालते जिथे स्पष्ट मजकूर तिच्या आड येत नाही. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिला आहे, मालमत्ता थोडी असो की फार. कोणी सांगेल, 1937 च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली आहे. वगळली आहे, कारण तेव्हा शेतजमीन हा प्रांतांचा विषय होता. सरकारच्या कायद्यातली ही सूट कुराणात कुठे आहे? बहिणीने मनापासून वाटा दिला तर तो तिचा अधिकार. माहेर तुटेल या भीतीने दिलेली सही ही खुशी नव्हे.

दुसरीकडून सुधारक विचारतील, संविधान असताना फिकह कशाला? हमीद दलवाईंनी 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, त्यांच्या धैर्याला माझा सलाम आहे. पण वारसा आणि मेहेर यांचे निवाडे आजही न्यायालये फिकहवर आधारलेल्या मुस्लिम कायद्याने करतात. 2002 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठाने तलाकला सबळ कारण हवे आणि आधी दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा, असे ठरवले, तेही कुराणाच्या आधाराने. जे हत्यार न्यायाधीश वापरतात, ते आपल्या मुलींच्या हाती का नको?

म्हणून जमातीच्या जबाबदार मंडळींना माझे सांगणे आहे: आठवड्यातून एक तास उसूलचा वर्ग सुरू करा, त्यात मुली बसवा आणि पहिला धडा वारशाच्या आयतीचा ठेवा.